भाषेचं टेबल

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चिंचकोट्याच्या शाळेत मेळावा भरला, तेव्हा देवश्री सातही टेबलं फिरली आणि एकाही टेबलावर तिने तोंड उघडलं नाही.

जूनमध्ये पहिलीत जाणारी गावातली एकोणीस लेकरं त्या दिवशी आयांची बोटं धरून आली होती. व्हरांड्यात ओळीने टेबलं मांडलेली. एकावर वजन आणि उंची, एकावर मणी ओवायचे, एकावर खडे मोजायचे, एकावर रंग ओळखायचे. दोरीवरून देवश्रीने अशी उडी मारली की मास्तर ओरडले, "वा रे वा!" मणीही तिने भराभरा ओवले. पण "किती झाले?" असं कुणी विचारलं की ओठ घट्ट मिटायचे.

पाचवं टेबल भाषेचं. तिथं अंगणवाडीच्या दैवशालाताई बसल्या होत्या. त्यांनी बाजाराचं एक मोठं रंगीत चित्र समोर ठेवलं.

"देवू, ह्यात काय काय दिसतंय, सांग बरं मला."

देवश्री चित्राकडे बघत राहिली. तिची नजर भाजीवालीवरून शेळीवर गेली, शेळीवरून फुगेवाल्यावर, पुन्हा शेळीवर. पोरीला सगळं दिसतंय, हे आईला, करिश्माला, तिच्या मानेच्या हालचालीवरून कळत होतं.

"सांग की गं. घरी बोलतीस की," करिश्मा वाकून म्हणाली. मग अगदी हळू, "शेळी म्हण. नुसतं शेळी म्हण."

देवश्रीने आईच्या पदराचा शेव तोंडात कोंबला.

रांगेत मागे उभी असलेली वरच्या आळीची एक बाई म्हणाली, "धनगराची हाय ताई. मेंढराच्या भाषेत इचारा."

सगळ्या हसल्या. दैवशालाताईही जरा हसल्या, मग ओशाळल्या. कार्डावर भाषेच्या पाच चौकटी होत्या. पाचही चौकटींत त्यांनी ‘मदत लागते’ या शब्दांखाली खूण केली. करिश्मा सातवीपर्यंत शिकलेली होती. तिला ते उलट्या बाजूनेही वाचता आलं.

घरी आली तेव्हा सासरे गुंडाप्पा दारात बसून वाघर सांधत होते. रात्री मेंढरांभोवती उभी करायची ती जाळी कुत्र्यांनी दोन ठिकाणी फाडली होती. दोरा दातात धरूनच त्यांनी विचारलं, "काय म्हनला मास्तर?"

"घरी शिकवा म्हनले, मामा. दोन महिने हायत."

"घरी आपुन शिकवायचं? मग मास्तरला पगार कशाचा?"

"तिच्या बापानं पाचव्या वर्षी पयला शब्द काढला," सासू सिताबाई चुलीपासून म्हणाली, "त्योबी शिवीच व्हती."

देवश्रीचा बाप मल्हार पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. पण गुंडाप्पा हसले नाहीत. त्यांनी दोरा तोडला.

"शाळा उघडायच्या दिशी पुन्ना बगत्यात न्हवं? तवा बोलली तर शाळा. न्हाय बोलली तर माज्यासंगं मेंढरामागं."

"नाव तर घालत्यातच की अप्पा," मल्हार म्हणाला.

"नाव घालत्यात. धाडायची का न्हाय ते आपुन ठरवायचं. लोकांनी हसाया म्या माजी नात वर्गात बसवणार न्हाय."

हे ते प्रेमाने बोलत होते. 

दोन दिवसांनी दैवशालाताई आयांचे गट पाडायला आल्या. पाच-पाच आयांचा गट, त्यात जास्त शिकलेली जी असेल ती पुढारी. दर शनिवारी तिच्या फोनवर आठवड्याचे धडे येणार, बायकांनी तिच्या घरी जमायचं, समजून घ्यायचं आणि घरी लेकरांबरोबर खेळायचं. धनगर गल्लीत पहिलीत जाणारी दोनच लेकरं होती. शेजारच्या मुसलमान घरांतली तीन. पाच झाली. पुढारी ठरली शमशाद. लोहाऱ्याच्या कॉलेजातून बारावी झालेली, लालासाबची सून.

"जवळ दुसरा गट न्हाय का, ताई?" करिश्माने विचारलं.

"वरच्या आळीचा हाय. तिथं सहा झाल्यात." ताईंनी आवाज खाली आणला. "आन् मेळाव्यात हसणारी ती बाई तिथंच हाय."

करिश्माने मान डोलावली. घरात मात्र तिने नुसतं "अंगणवाडीचं काम हाय" एवढंच सांगितलं.

त्याला कारण होतं. तीस वर्षं दर उन्हाळ्यात गुंडाप्पाची मेंढरं लालासाबच्या शेतात खतासाठी बसत आली होती. रात्रभर मेंढरं रानात बसायची, लेंडीखत पडायचं, दोघं म्हातारे कडब्याच्या गंजीला टेकून तंबाखू मळत बसायचे. गेल्या पावसाळ्यात तालुक्याला कुणाच्या तरी फोनवरच्या फोटोवरून भांडण पेटलं, बाजार दोन दिवस बंद राहिला. आठ दिवसांनी गावातल्या पोरांनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली. गुंडाप्पालाही बोलावणं आलं. पासष्ट वर्षांत गावाच्या बैठकीला ते अनेकदा गेले होते, आणि दर वेळी चपला काढतात तिथं कडेला बसले होते. त्या दिवशी पाटलाच्या पोराने उठून त्यांना खुर्ची दिली. "बसा आज्जा, तुमी जाणते माणूस." ते बसले. पोरं बोलत गेली, की मुसलमानांच्या घरी जायचं नाही, त्यांच्या रानात जनावर घालायचं नाही, ती लोकं लेकराबाळांना फितवतात. गुंडाप्पांनी मान डोलावली. खुर्चीवर बसून दुसरं काही करता येतं, हे कदाचित त्यांना सुचलंच नाही.

या उन्हाळ्यात मेंढरं लालासाबच्या रानात बसली नाहीत. पाण्याचा हौदही त्याच रानात होता, म्हणून कळप आता दीड कोस वळसा घालून तलावावर जायचा. घरात कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

शमशादच्या दारात पत्र्याचं छप्पर होतं, शेवग्याचं झाड होतं आणि झाडाला एक भांडखोर शेळी बांधलेली होती.

"आओ भाभी, बसा. घाबरू नगा, मलाबी पयल्यांदाच हाय हे," शमशाद म्हणाली आणि फोन मधोमध ठेवून सगळ्यांना दाखवायला लागली. चिंचोके मोजायचे, डाळी निवडून वेगळ्या करायच्या, गोष्ट अर्धी सांगून थांबायचं. बायका आधी एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीच्या पोराने हरभऱ्याचा दाणा नाकात घातला, तो काढता काढता सगळ्यांचा संकोच मोडला. धडा शनिवारीच यायचा, पण बायका रोज दुपारी जमायला लागल्या.

देवश्री चार दिवस आईच्या पाठीमागे बसून राहिली. शमशादने तिला एक शब्दही विचारला नाही.

"तुमी तिला काय इचारतच न्हाय, भाभी," करिश्मा शेवटी म्हणाली.

"इचारून इचारूनच तिचं तोंड बंद झालंय. सगळी तिच्या तोंडाकडं बगत बसत्यात. तुमी माज्याशी बोला. आन् जरा चुका."

"म्हंजे?"

"चिंचोके मोजा. चुकीचे मोजा."

करिश्माला लाज वाटली. चार बायकांत चुकीचं मोजायचं! तरी तिने चिंचोके पुढे ओढले. "एक, दोन, तीन, पाच…"

"बरोबर," शमशाद गंभीरपणे म्हणाली.

पाठीमागे काहीतरी हाललं.  दुसऱ्या दिवशी तिने आठच्या आधी नऊ म्हटलं. पाठीमागून नाकाने सुस्कारा आला. तिसऱ्या दिवशी शमशादने विचारलं, "भाभी, शेळीला पाय किती?"

"सहा," करिश्मा म्हणाली.

"सहा. बरोबर."

"चार असत्यात!" पाठीमागून जाडाभरडा, संतापलेला आवाज आला. "तुमाला कळत न्हाय का?"

बायका जागच्या जागी थांबल्या. शमशादने वरही बघितलं नाही. "काय की बाई. आमच्या शेळीला तर सहा हायत."

"चला, दावा!"

देवश्री उठली होती. तिने शमशादचं बोट धरलं, तिला ओढत शेवग्यापाशी नेलं, आणि शेळी शिंग उगारत असताना तिच्या प्रत्येक पायावर थाप मारली. "ह्यो एक. ह्यो दोन. ह्यो तीन. ह्यो चार. कुठं हायत सहा?"

"अगं खरंच की! मला कुणी सांगितलंच न्हाय इतके दिवस."

करिश्माने पदर तोंडात धरला. ती रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शेजारची बाई तिच्या पाठीवर दणादणा थापा मारत होती.

त्या दिवसापासून करिश्माच्या पायांना भिंगरी लागली. पहाटे लेंड्या लोटताना ती पोरीशी बोलायची, भाकरी थापताना बोलायची, आडावरून येताना दोन घागरी डोक्यावर असतानाही बोलायची. आधी ती दिवसाला वीसदा म्हणायची, "गप बस, काम करू दे." आता तिला कळलं होतं की काम करतानाच बोलता येतं, आणि काम काही मागं पडत नाही. देवश्रीने भाकरीला "चंद्राला चावलंय कुणीतरी" म्हटलं. काळ्या मेंढीला सासू आणि पांढरीला सून म्हणत त्यांचं भांडण लावलं. रात्री जेवताना मल्हारही मुद्दाम चुकायला लागला. "देवू, कुत्र्याला शिंगं दोन का तीन गं?" पोरगी त्याच्या छातीवर बुक्क्या मारायची.

"दोघंबी नवरा-बायको येडी झाल्यात," सिताबाई म्हणायची. पण एकदा तिनेही नातीला हाक मारून विचारलं होतं, "काय गं, मांजराला पंख असत्यात का?" आणि उत्तर ऐकून बोळक्या तोंडाने हसली होती.

करिश्मा नव्या धड्याच्या शनिवारची वाट बघायची. माहेरच्या गाडीची बघावी तशी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात धडा आला तो वितीने मोजायचा. लेकरांनी दार मोजलं, बाज मोजली, शेळीची पाठ मोजायला गेलेल्या एकाला तिने ढुशी दिली. मग शमशादने अंगणात लांब चटई अंथरली. "ही किती वीत, सांगा."

देवश्री हट्टाची. करंगळी जिथं टेकली तिथंच अंगठा आला पाहिजे, एक दाणाभरही मागेपुढे नाही, म्हणून ती गुडघ्यांवर बसून चटईला नाक लावूनच बघायची. वाकायची, कपाळ खाली टेकायचं, उठायची, गुडघ्यांवर एक पाऊल पुढे सरकायची, पुन्हा वाकायची. समोर डोक्यावरून ओढणी घेतलेली शमशाद उभी होती.

त्याच वेळी सिताबाई शेणाची पाटी घेऊन कुडाच्या मागून चालली होती.

पाटी डोक्यावरून पडली. दहा महिन्यांत तिने त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. ती धावत आत आली आणि देवश्रीला दंडाला धरून उचललं.

"माज्या नातीला नमाज शिकवितीस व्हय गं?"

"आजी, चटई मोजतीया ती. वितीनं—"

"माज्याशी बोलू नगंस! डोळ्यांनी बगितलंय म्या!"

"आत्या, मोजतच व्हती, खरंच," करिश्मा मधे आली. "म्या हितंच बसलीय की."

"तू बसलीस हितं? आन् मला अंगणवाडी सांगतीस?"

 करिश्मा खोटं बोललेलीच होती. बाकीच्या बायका आपापली लेकरं जवळ ओढून उभ्या राहिल्या. शमशादने चटई गुंडाळायला घेतली. चटई सारखी तिरकी गुंडाळली जात होती.

घरी आल्यावर सिताबाईने पोरीचे हातपाय राखेने घासून धुतले, अंगातला झगा काढून बांधावर फेकला, देवाच्या कोपऱ्यात उभं करून कपाळभर भंडारा लावला. "म्हण, येळकोट येळकोट."

देवश्री काही म्हणाली नाही.

"म्हण की! काल म्हनत व्हतीस!"

भंडारा तिच्या डोळ्यात गेला. डोळा लाल झाला, पाणी वाहायला लागलं. तरी तिने ओठ उघडले नाहीत.

संध्याकाळी गुंडाप्पा आले. सिताबाईने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. करिश्मा मुकाट्याने बाहेर आली, अंगणात गुडघ्यांवर बसली आणि दारापासून चुलवणापर्यंत वितीने मोजत सरकायला लागली. तिचा पदर खांद्यावरून ओघळला, गुडघ्यांना खडे रुतले. सासऱ्यासमोर सून अशी रांगते आहे हे बघून शेजारची दोन पोरं कुडापाशी येऊन उभी राहिली. ती थांबली नाही.

"असं, मामा. करंगळीपाशी अंगठा. असं मोजत व्हती."

गुंडाप्पांनी जन्मभर वाघर हातानेच मोजली होती. करंगळीपाशी अंगठा कसा येतो ते त्यांना दिसत होतं. 

"उठ," ते म्हणाले.

"बगितलंत न्हवं?"

"बगितलं. जायचं न्हाय तिकडं."

"पण मामा, तुमीच आता—"

"बगितलं म्हनलो की. जायचं न्हाय."

मल्हारने तोंड उघडलं. "अप्पा, ते तर नुसतं—"

"तू मेंढरं कोंड."

दुसऱ्या दिवसापासून देवश्री घरातही बोलेना. करिश्माने शेळीला आठ पाय लावले, कोंबडीला दात लावले. पोरगी नुसती बघायची. दैवशालाताई येऊन शनिवारचा धडा कागदावर लिहून देऊन जायच्या, करिश्मा तो रात्री वाचायची, दिवसा करायची. एकटीच चिंचोके मोजायची, बरोबर आणि चुकीचे. जून जवळ येत होता. 

"चल माज्यासंगं," एके सकाळी गुंडाप्पा नातीला म्हणाले. "रानात मोकळी व्हशील." त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि कळप हाकला.

मेअखेरचं ऊन. तलावाकडे जाणाऱ्या वळशाच्या वाटेवर सावलीला बाभळीसुद्धा नव्हती. वाट लालासाबच्या बांधाला लागून जात होती, तिथंच गाभण काळी मेंढी खाली बसली. गुंडाप्पांनी तिला उठवलं, ती दोन पावलं चालली, पुन्हा बसली. जीभ बाहेर आली. त्यांनी कॅन उलटा केला. दोन थेंब पडले.

बांधापलीकडे, लिंबाखाली, लालासाब बसला होता. त्याने बघितलं. उठून हौदाकडे गेला, बादली भरली आणि दोन्ही हातांनी धरून, गुडघे वाकडे करत आला.

"गुंडू, मेंढी जाईल," तो म्हणाला.

गुंडाप्पा दुसरीकडे बघत राहिले.  लालासाब बादली बांधावर ठेवून, पाठ फिरवून, लिंबाच्याही पलीकडे निघून गेला.

गुंडाप्पांनी आधी गावाकडच्या वाटेकडे बघितलं. मग तलावाच्या बाजूला. कुणी नव्हतं. त्यांनी बादली उचलली. मेंढीने तोंड बुडवलं ते बाहेर काढेचना. बादलीत तळाला उरलं ते पाणी गुंडाप्पांनी ओंजळीत घेतलं, प्यायले, आणि ओले हात पटक्याखाली मानेवरून फिरवले. मग बादली होती त्याच जागी, कडी त्याच बाजूला करून ठेवली.

देवश्री काठी धरून उभी होती. तिने सगळं बघितलं.

शाळा उघडायच्या दिवशी फाटकाला आंब्याचे टहाळे बांधले होते. पाटलाचा पोरगा आणि त्याचे दोन मित्र शिडीवर चढून झेंडूच्या माळा अडकवत होते. मल्हार मेंढरांमागे गेला होता. गुंडाप्पा धुतलेला पटका बांधून स्वतः आले होते. "बगतो तरी काय असतंय ते," असं म्हणाले होते. करिश्माला रात्रभर झोप नव्हती. गटाच्या पुढारी बायकाच यावेळी टेबलांवर बसणार, हे दैवशालाताईंनी तिला आधीच सांगितलं होतं. तिने ते घरी सांगितलं नव्हतं. म्हणजे पुन्हा खोटंच, पण आता मागे फिरायला जागा नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि का कुणास ठाऊक, पळत सुटावं इतकं उत्साहाने अंग भरून आलं होतं.

वजन झालं. दोरीवरची उडी झाली. मणी झाले, तिथं "किती?" विचारल्यावर देवश्री गप्प. खड्यांच्या टेबलावरही गप्प. गुंडाप्पांनी सुनेकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, हळहळ होती, आणि करिश्माला तीच जास्त लागली.

पाचव्या टेबलावर शमशाद होती.

गुंडाप्पा थांबले. त्यांच्या मागची रांग थांबली. शिडीवरच्या पोरांनी माना वळवल्या. शमशाद उठून उभी राहिली.

"दैवशालाताई," तिने हाक मारली, "तुमी बसा हितं. म्या मण्यांच्या टेबलावर जाते. पोरीचं नुकसान नगं." ती पेन आणि कागद गोळा करायला लागली. चेहरा खाली घातलेला.

टेबलावर चित्र तसंच राहिलं होतं. यावेळी चित्रात शेत होतं, विहीर होती, झाड होतं, गुरं होती आणि काठी घेतलेला एक माणूस होता.

देवश्रीने त्या माणसावर बोट ठेवलं.

"ह्यो आज्जा हाय."

शमशादचे हात थांबले. ती बसलीही नाही, नीट उभीही राहिली नाही, मधेच वाकलेली राहिली.

"कुणाचा आज्जा?" तिने श्वास न घेता विचारलं.

"माजा. ही आमची काळी मेंढी. ती वाटंत बसली. तिला तान लागली व्हती." पोरीचा आवाज मोठा होत गेला, शेळीचे पाय मोजतानासारखा जाडाभरडा. "मग लालाआज्जानं बादली आणली. आज्जानं घेतली न्हाय. मग लालाआज्जा निगून गेला. मग आज्जानं हिकडं बगितलं, तिकडं बगितलं, आन् मेंढीला पाजलं."

"आन् मग?"

"मग आज्जाबी पेला."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. मास्तर खडूचा हात तसाच धरून उभे. करिश्माला वाटलं, संपलं सगळं. आता घरी जाऊन काय होईल ते होईल. पण तिचं तोंड हसायचं थांबेना. सहा वाक्यं! तिने मोजली होती. सहापेक्षा जास्तच!

शमशाद खाली बसली. कार्डावर चौकट होती, ‘चित्र पाहून पूर्ण वाक्यात सांगते’. तिचं पेन त्या चौकटीवर होतं आणि टेकत नव्हतं. ती गुंडाप्पांकडे बघत होती.

गुंडाप्पा चित्राकडे बघत होते. पटक्याखाली त्यांचे कान लाल झाले होते.

पाटलाचा पोरगा शिडीवरून उतरला. हातातली माळ झटकत हसून म्हणाला, "लेकराचं काय मनावर घ्यायचं, आज्जा. कायबी बोलतंय. चित्र बगून बनवतंय मनानं."

तो मदतच करत होता. गुंडाप्पांनी नुसती मान डोलवायची होती. मान डोलावण्याची त्यांना सवय झालेली होती. सगळे वाट बघत होते, आणि देवश्रीही चित्रावरचं बोट न काढता वर बघत होती.

"कायबी न्हाय बोलत ती," गुंडाप्पा म्हणाले.

 मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा ते शमशादशी बोलले.

"लिव की. थांबलीस कशापायी? पोरगी खोटं न्हाय बोलली."

पाटलाच्या पोराने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग माळेकडे बघितलं आणि शिडीकडे गेला. शमशादने खूण केली. इतकी दाबून केली की कागद फाटता फाटता राहिला. पुढची चौकट, तिच्या पुढची. करिश्मा वाकून, उलट्या बाजूने, एकेक खूण वाचत होती.

"चल देवू, पुढचं टेबल," ती म्हणाली आणि पोरीचा हात ओढला. "लोकं खोळंबल्यात."

देवश्रीने हात सोडवून घेतला. तिचं बोट आता चित्रातल्या विहिरीवर आलं होतं.

"थांब की. अजून राहिलंय माजं."